आबांचा शागीर्द

हिंदुराव साळोख्यांच्या तोंडून 'शाब्बास' ऐकायला नशीब थोर लागायचं. साखर कारखान्याच्या पॅनवर त्यांनी सदतीस वर्षं काढली, हाताखालून पन्नासेक माणसं गेली, पण शाब्बासकी मिळालेला एकही त्यात सापडायचा नाही. त्यांच्या लेकीला, सानिकाला, तर ती कधीच मिळाली नव्हती. त्यामुळं त्या सकाळी हेडफोनमधून "शाब्बास लेका! आता कसं बोललास!" असं स्वच्छ ऐकू आलं तेव्हा तिला आधी वाटलं, आपल्यालाच भास झाला. भास नव्हता. शाब्बासकी एका पेनड्राइव्हला मिळाली होती. तो पेनड्राइव्ह सानिकानं स्वतः घडवला होता, पण ते त्या क्षणी कोणाच्या ध्यानात असायचं काही कारण नव्हतं.

पॅन म्हणजे दोन मजली उंच लोखंडी हंडा. आतली हवा खेचून घेऊन त्यात उसाचा पाक कमी उष्णतेवर आटवतात. पाक पुरेसा दाट झाला की साखरेची पूड सोडायची. पुडीच्या एकेका कणाभोवती पाकातली साखर बसत जाते आणि दाणा वाढतो. वाढताना पाक जरा जास्त आटला तर मधल्या जागेत नको असलेला बारीक दाणा आपोआप सुटतो. पॅनवरची माणसं त्याला खोटा दाणा म्हणतात. तो सुटला की पुढं सगळं चिकटून बसतं आणि चाळीस टनांचा घाणा मातीमोल होतो. तो सुटायच्या दोन मिनिटं आधी ज्याला कळतं, तो पॅनमन. हिंदुराव पितळी दांडी ओढून थेंबभर पाक काचेवर घेत, काच उजेडाकडं धरत, मग अंगठा आणि बोटामध्ये त्याची तार काढून बघत. "खसखस सरली, राजगिरा झाला, राळ्याला अजून वेळ हाय," असं दाण्याचं माप पुटपुटत आणि पाण्याचा व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवत. त्यांचा अंदाज चुकलेला कोणी पाहिला नव्हता.

हे काम मधल्या दहा वर्षांत यंत्रांनी घेतलं होतं आणि हिंदुरावांना खुर्ची देऊन गप्प बसवलं होतं. मग नऊ महिन्यांत पिकणारा नवा ऊस आला. हंगाम दिवाळीवरून गणपती विसर्जनावर सरकला. चेअरमननी पेढे वाटले. पण त्या उसाच्या रसात असा काही चिकटा निघाला की यंत्राचे सगळे आकडे बरोबर यायचे आणि साखर तेवढी चुकायची. यंत्र बसवणाऱ्या कंपनीशी कारखान्याचं वाजलं. कंपनीनं दुरूनच पॅन चालवणाऱ्या लॅपटॉपच्या डिस्कला कुलूप घातलं आणि हात झटकले. तेव्हा गरजवंताला अक्कल आली आणि हिंदुरावांना हाताला धरून पुन्हा पॅनवर नेलं.

फक्त हिंदुरावांची नजर जात चालली होती. साखरेत जन्म काढला आणि शेवटी अंगातल्या साखरेनंच डोळ्यांचा पडदा पोखरला. डावा गेलाच होता. मिरजेच्या डॉक्टरांनी उजव्याला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती.

म्हणून चीफ केमिस्ट बिरनाळे साहेबांनी सानिकाला बोलावून घेतलं. ती कोल्हापुरात कारखान्यांच्या यंत्रणा दुरुस्त करायची, आणि त्या कामात तिचं नाव होतं.

"तुमच्या वडिलांचा हात मशीनला शिकवता येईल का?" साहेबांनी विचारलं.

माणसालाही शिकवता आला असता. सानिकानं तीनदा विचारलं होतं. दहा वर्षांची असताना डबा द्यायला आली तेव्हा, दहावीच्या सुट्टीत, आणि इंजिनिअर झाल्यावर. तिन्ही वेळा उत्तर एकच. "पॅनवर बाईमाणूस चालत न्हाई. दाणा फुटतोय." थोरल्या हर्षदला मात्र न विचारता नेलं. तो चौथ्या दिवशी पळाला आणि पुण्यात मोटारी विकायला लागला. सानिकानं हे काही साहेबांना सांगितलं नाही. "येईल," एवढंच म्हणाली.

कुलूप घातलेल्या डिस्कला तिनं हातच लावला नाही. वडिलांना, आबांना, तिनं समजावलं ते असं. लॅपटॉपला चालू होताना कुठून तरी वाचावं लागतं, कसं जागं व्हायचं, काय करायचं. तो नेहमी आतल्या डिस्कवरून वाचतो. आपण सांगायचं, आतलं राहू दे, बाहेर लावलेल्या पेनड्राइव्हवरचं वाच. मग लॅपटॉप नुसता लोखंडाचा. त्यात चालणारी सगळी यंत्रणा ह्या बोटभर वस्तूची.

"म्हंजे घर त्यांचं आणि संसार आपला," आबा म्हणाले.

"तसंच. फक्त एक आहे. शिकलेलं सगळं आधी कच्च्या मेमरीत राहतं, वीज असेपर्यंतच. यंत्रणा रीतसर बंद केली की मगच ते पेनड्राइव्हवर उतरतं."

"मग रोज बंद कर की."

ते जमणारं नव्हतं. आता बोटभर पेनड्राइव्हमध्ये जेवढं मावत होतं तेवढ्याला पूर्वी खोली लागायची. पण माहिती साठवणारा कप्पा जितका बारीक, तितकी त्याची भिंत पातळ. दर वेळी लिहिताना ती भिंत थोडी झिजते, आणि आबांचा हात शिकणारी ही यंत्रणा बंद होताना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं नव्यानं लिहायची. चाचणीत रोज लिहून स्टोअरनं आणलेले दोन पेनड्राइव्ह आठवड्यात मेले होते. हा तिसरा. लॅपटॉपची बाकीची भोकं पाकाच्या वाफेनं चिकटून गेलेली, एकच शाबूत. कारखान्याच्या नेटवर ठेवावं तर जुन्या करारानं ते कंपनीचं झालं असतं. तेव्हा सानिकानं ठरवलं, शिकणं पुरं होईपर्यंत बंद करायचंच नाही. एकदाच, शेवटी, नीट लिहून घ्यायचं. पेनड्राइव्हच्या शेजारी तिनं ठळक अक्षरांत कागद चिकटवला: 'बंद केल्याशिवाय काढू नये.' आबांच्या उजव्या डोळ्याला उजेडाकडं धरलेली काच तेवढी दिसायची, हा कागद वाचता येणार नाही हे तिला माहीत होतं. तो बाकीच्यांसाठी होता.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी यंत्रणा सुरू झाली. आबांच्या अंगठ्याला आणि बोटाला पातळ रबरी टोप्या, काचेवर कॅमेरा, कॉलरला माइक. सानिका मात्र पॅनच्या प्लॅटफॉर्मवर नाही. ती खालच्या काचेच्या केबिनमध्ये, लॅपटॉपपाशी. रीत मोडायची नाही, हे बापानं आधीच बजावलं होतं.

यंत्रणा जागी झाली आणि स्पीकरमधून सानिकाचाच आवाज आला. रेकॉर्डिंग तिनं स्वतः केलं होतं, थोडं गमतीनं आणि बरंचसं गमतीनं नाही. "आबा, मी शिकायला तयार आहे. मला शिकवाल?"

प्लॅटफॉर्मवरची चार माणसं हसली. हिंदुराव हसले नाहीत.

"सानू, ह्यो आवाज काढ. बाप्याचा घाल. पॅनवर बाईचा आवाज बरा वाटत न्हाई."

तिनं काढला. सेटिंगमध्ये जाऊन पुरुषाचा आवाज घालायला पाऊण मिनिट लागलं. तेवढ्या वेळात आपल्याला काय वाटलं, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगून उपयोग काय होता?

मग पंचवीस दिवस हिंदुराव बोलत राहिले. आयुष्यभराचा मुका माणूस, पण त्या माइकपुढं त्याची जीभ सुटली. पाऊस पडून गेलेल्या उसाचा पाक कसा ओळखायचा, राजगिऱ्याचा राळा होताना काचेवर चमक कशी बदलते, तार तुटताना बोटाला कसा चिमटा बसतो. त्यांच्या गुरूनं त्यांना कानाखाली वाजवून शिकवलं होतं, ती गोष्टही त्यांनी त्याला सांगितली. खाली केबिनमध्ये सानिका हेडफोन लावून सगळं ऐकायची. शब्द तिच्या कानावर पडायचे, पण काच तिच्या डोळ्यांपुढं कधी आली नाही. तिच्या पडद्यावर फक्त आलेख होता, शिकणं किती टक्के झालं त्याचा.

"लेका, घाई करू नकोस. थांब. थांब. आता सोड पाणी. शाब्बास!"

एकदा तिनं जेवताना हळूच विचारलं, "आबा, तो चिमटा म्हणजे नेमका कसा बसतो?"

"त्याला ठावं हाय," आबा भाकरी मोडत म्हणाले. "तुला काय करायचंय?"

खंडेनवमीला आलेख अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर होता. तीन दिवस घाणा पेनड्राइव्हवरची यंत्रणा एकटी काढत होती. आबा नुसते उभे राहायचे. संध्याकाळी पॅन रिकामा झाला की यंत्रणा रीतसर बंद करायची आणि सगळं लिहून घ्यायचं, हे बिरनाळे साहेबांशी ठरलं होतं.

सकाळी पॅनघरात शस्त्रपूजेची मांडामांड चालली होती. पाने, हातोडे, पितळी दांड्या धुऊन पाटावर ठेवल्या होत्या. काचा लख्ख पुसल्या होत्या. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ. पॅन मात्र चालू. हंगामात पॅन देवासाठीही थांबत नाही. हत्यार पूजेला बसतं, काम चालूच राहतं.

हिंदुराव नवा पटका बांधून पाटापुढं उभे राहिले आणि थबकले.

"खरं हत्यार तर राहिलंच की," ते म्हणाले.

भिंतीला हात लावत, पायऱ्या मोजत ते केबिनमध्ये आले. सानिका लॅपटॉपसमोर बसलेली. ते टेबल चाचपत पुढं झाले. बोटं लॅपटॉपच्या कडेवरून सरकली, चिकटवलेल्या कागदावरून गेली आणि पेनड्राइव्हवर थांबली.

"आबा, काय पाहिजे?"

"पुजायचा हाय ह्याला. खंडेनवमी हाय आज." त्यांचा आवाज भरून आला होता. तसा आवाज सानिकानं आईच्या दिवसकार्यातही ऐकला नव्हता. "सानू, हर्षद पळाला तवाच वाटलं होतं, आपल्यासंगं हे सगळं मातीत जाणार. पण न्हाई. माझ्या मागं पॅनवर माझं एक तरी राहिलं. वंश बुडाला न्हाई."

सानिकाला फक्त 'थांबा' म्हणायचं होतं. एक शब्द. तिच्या तोंडापर्यंत आला होता. बोटं पेनड्राइव्ह हलवत होती, आणि आबांना घाई नव्हती. दोन श्वास जातील एवढा वेळ होता. त्या दोन श्वासांत तिला डबा घेऊन आलेली दहा वर्षांची पोर आठवली, बाप्याचा आवाज आठवला, पंचवीस दिवसांतल्या सगळ्या शाब्बासक्या आठवल्या. तिनं तोंड मिटलं. हे ती नंतर स्वतःला शंभर तऱ्हेनं सांगणार होती, की सुचलं नाही, धक्का बसला, उशीर झाला. खरं असं की तिला सुचलं होतं आणि ती बसून राहिली.

आबांनी पेनड्राइव्ह काढला. पडद्यावरचा आलेख जिथल्या तिथं गोठला. पायाखालची फळी काढून घेतल्यावर माणूस जसा क्षणभर हवेत राहतो, तशी यंत्रणा क्षणभर तग धरून राहिली, मग पडदा काळा झाला. आबांना त्यातलं काही दिसलं नाही. ते पेनड्राइव्ह मुठीत घेऊन पायऱ्या मोजत गेले, पाटावर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ फोडला.

पहिल्यांदा ओरडला तो पॅनवरचा माणूस. "आबा, व्हॉल्व्ह हलंना झालेत! पाक चढाय लागलाय!"

यंत्रणा मेली तसे व्हॉल्व्ह होते तिथं अडकले होते. चाळीस टन पाक आत आटत होता. हिंदुरावांनी पटका फेकला आणि प्लॅटफॉर्मवर चढले. हातानं फिरवायचं चाक वर्षानुवर्षं न वापरून गंजलेलं. दोघांच्यानं हललं नाही, तेव्हा त्यांनी स्वतः खांदा लावला. एका हातानं चाक, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर पाकाची तार. तासाभरानं घाणा सुटला तेव्हा दाणा एकसारखा होता. माणसांनी त्यांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

बिरनाळे साहेब धावत केबिनमध्ये आले. सानिकानं सांगितलं, "बंद न करता निघाला. पंचवीस दिवसांचं गेलं. पेनड्राइव्हवर पहिल्या सकाळचंच असणार."

"कोणी काढला?"

"म्या काढला," दारातून हिंदुराव म्हणाले. घामानं निथळत होते. "माझीच चूक. आंधळ्यानं हत्यार पुजलं. साहेब, उद्या दसरा. उद्यापास्नं परत शिकवू त्याला. पडलेलं लेकरू उठतंय की." सानिका तिथं बसली होती का, हे कोणी विचारलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी ते अंथरुणात उठून बसले आणि म्हणाले, "सानू, दिवा लाव." बाहेर लख्ख ऊन होतं. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. मिरजेला डॉक्टरांनी तपासलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "काही जोर लावलात का? जड काही ढकललं, उचललं?"

"पॅनचं चाक," आबा म्हणाले. सानिका शेजारच्या स्टुलावर होती. तिनं स्टुलाची कड घट्ट धरली.

कोजागरीच्या आदल्या दिवशी कारखान्यानं पॅन थांबवायची तयारी केली. रोज एक घाणा वाया जात होता. तेव्हा हिंदुरावांनी निरोप धाडला, मी येतो. सानिका त्यांना धरून घेऊन आली. केबिनच्या दाराशी ती सवयीनं थांबली, पॅनवरच्या माणसांनी आबांना वर नेलं, तर वरून त्यांचा आवाज आला.

"वर ये."

चार माणसांनी वाट दिली. सदतीस वर्षांची रीत मोडली आणि कोणी चकार शब्द काढला नाही. अडला हरी म्हणतात ते असं. आबांनी दांडी ओढली, काचेवर थेंब घेतला आणि काच तिच्या हातात दिली. काच गरम होती.

"उजेडाकडं धर. काय दिसालंय?"

"दाणे आहेत. बारीक."

"बारीक म्हंजे? खसखस का राजगिरा?"

तिला शब्द सगळे पाठ होते. पंचवीस दिवस ऐकले होते. पण कुठल्या शब्दाला कुठलं रूप, हे तिला कोणी दाखवलं नव्हतं. काचेवर धुरकट, पांढुरकं काहीतरी चमकत होतं. त्यात खरा दाणा होता, खोटाही असेल.

"चमक कशी हाय? अंगानं हाय का कडंनं?"

"कळत नाही, आबा."

"तार बघ. चिमटा बसतोय का?"

तिनं अंगठ्यानं तार काढली. चटका बसला. चिमटा म्हणजे तोच का? तिनं नुसती मान हलवली, आणि ती त्यांना दिसली नाही. पॅनवरच्या माणसानं घाबरून पाणी सोडलं. उशीर झाला होता. घाणा बसला.

सगळे खाली गेल्यावरही आबा कठड्याला धरून उभे होते.

"मी ते हत्यार काढलं तवा तू खाली केबिनीतच बसलीवतीस न्हवं? खुर्चीत?"

"होते."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सगळं सांगून टाकलं असतं. काच तिच्या हातातून घेऊन ते बराच वेळ पटक्याच्या शेवानं पुसत राहिले.

केबिनमध्ये बिरनाळे साहेब वाट बघत होते. "एकदा पेनड्राइव्ह लावून तरी बघा. काही उरलं असलं तर." पूजेतला पेनड्राइव्ह त्यांनी टेबलावर ठेवला आणि फोन करायला बाहेर गेले. पुण्याच्या कुठल्या तरी कंपनीचा माणूस उद्या येणार होता. हिंदुरावांच्या निरोपाचा हार आजच सांगून ठेवला होता.

आबांना तिनं खुर्चीत बसवलं. पेनड्राइव्हच्या तोंडात हळद-कुंकू घट्ट बसलं होतं. तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं ते काढलं. कापूस तांबडा झाला. मग पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू केला आणि पडद्याकडं बघत बसली. पहिल्या सकाळचंच होतं. शून्य टक्के. आलेखाची नुसती रिकामी चौकट.

आणि स्पीकरमधून तिचा आवाज आला. ताजा, जरा हसरा. "आबा, मी शिकायला तयार आहे. मला शिकवाल?"

हिंदुरावांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. त्यांचा चेहरा एकदम निवळला आणि मग कसनुसा झाला. हवेत चाचपत त्यांचा हात पुढं आला आणि सानिकाच्या खांद्यावर टेकला.

"पोरी," ते म्हणाले, "हे आधी कधी म्हणाली न्हाईस गं. आता कशानं शिकवू?"

सानिकानं तोंड उघडलं. दहा वर्षांची असताना, दहावीच्या सुट्टीत, इंजिनिअर झाल्यावर. तिन्ही वेळा तिला तारखेनिशी पाठ होत्या. तिनं त्यांतली एकही सांगितली नाही. खांद्यावरचा हात तसाच राहू देऊन तिनं पेनड्राइव्ह उपटून काढला. बंद करायचं काही कारण उरलं नव्हतं.